शेजारच्या काकूंची मांजर गाभण आहे आणि त्यांना काही पडलेलीच नाहीये

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"ताई, आम्ही साताऱ्यात एका अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. शेजारच्या काकूंकडे एक पांढरी पर्शियन मांजर आहे, फ्लफी. मुलाच्या वाढदिवसाला विकत आणली होती, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला बोलावून बोलावून दाखवली. आता मुलगा नीटच्या क्लाससाठी लातूरला आणि मांजर दिवसरात्र गॅलरीत नाहीतर जिन्यात. सकाळी दूध-पोळी टाकतात, कधी तेही विसरतात. केसांचे नुसते गठ्ठे झालेत. आणि आता पोट चांगलंच दिसायला लागलंय, गच्चीवर बोका येतो त्याचंच काम. काकूंना म्हटलं डॉक्टरला दाखवा तर म्हणाल्या, 'अगं मांजर आहे ती, आपलं आपण करते सगळं.' काका म्हणतात पर्शियनची पिल्लं आहेत, विकली जातील. पावसाची झड थेट त्या गॅलरीत येते. मला बघवत नाही. गुपचूप उचलून घरी आणू का? नवरा म्हणतो दुसऱ्याच्या भानगडीत पडू नकोस. त्यात आम्ही शाकाहारी, आणि पुढच्या महिन्यात नणंद बाळंतपणाला येतेय, सासूबाई म्हणतात पोटुशी बाईच्या घरात मांजर नको म्हणजे नको. – स., सातारा"

अगं स.,

तू ताई म्हणालीस म्हणून मीही सरळ अगं-तुगंवर येते. गुपचूप उचलून आणू नकोस. कायद्याने ती काकूंची आहे, त्यांनी कितीही हेळसांड केली तरी त्यांचीच, आणि उद्या काका तुझ्या दारात येऊन चोरी म्हणाले तर तुझ्याकडे उत्तर नसणार. पण ते सोड, मला जास्त काळजी मांजरीची आहे. दिवस भरत आलेली मांजर अचानक अनोळखी घरात कोंडली की बिथरते, खाणं सोडते, पलंगाखाली जाऊन बसते ती हात लावू देत नाही आणि दार जरा उघडं सापडलं की पसार. मग ती कुठे व्याली हे ना काकूंना कळणार ना तुला.

पोलीस, तक्रार वगैरे धमकीही नको. १९६० चा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये पाळलेल्या जनावराला पुरेसं खायला-प्यायला, निवारा न देणं हा गुन्हा आहेच, पण पहिल्या वेळचा दंड किती माहितीये? १० ते ५० रुपये. जिन्यातला बल्ब त्याहून महाग येतो. तेवढ्यासाठी शेजार कायमचा तोडायचा, आणि काकूंनी रागाने गॅलरीचं दार लावून घेतलं की भोगायचं मांजरीने. हां, पुढे कोणी पिल्लं गोणीत भरून नदीत टाकायची भाषा केली तर मात्र गप्प बसू नकोस, जनावराला मारणं, विष घालणं, अपंग करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते तेव्हाच्या तेव्हा बघू.

आता काकूंचं. मला त्या दुष्ट नाही वाटत गं, अडकलेल्या वाटतात. मांजर मुलाने मागितली, आणली काकांनी, आणि मुलगा लातूरला गेल्यावर गळ्यात पडली यांच्या. याने त्यांची चूक माफ होत नाही, मुकं जनावर उपाशी ठेवणं ही चूकच आहे, पण त्यांच्याशी बोलायचं कसं हे यातून कळतं. त्यांना आणखी एक काम नकोय, तुला ते काम हवंय. मग भांडण उरलं कुठे? फक्त त्यांना कमीपणा न वाटता हे जमलं पाहिजे. म्हणून चार बायकांसमोर, वटपौर्णिमेला वडाखाली वगैरे हा विषय काढायचा नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्या गठ्ठे झालेल्या मांजरीचा फोटो तर अजिबात टाकायचा नाही. एकदा फोटो पडला आणि खाली कोणी रडका चेहरा टाकला की काकू आयुष्यात तुला हो म्हणणार नाहीत.

दुपारी, काका ऑफिसला असताना जा, आणि "तुम्ही बघत नाही" हे वाक्य गिळून टाक. त्याऐवजी म्हण, "काकू, मला मांजरांचं फार वेड, आमच्याकडे कोणी पाळू देत नाही, हिचं बाळंतपण होईपर्यंत मी बघू का? डॉक्टर, खाणं सगळं माझ्याकडे." बहुतेक त्या "बघ बाई तुला हौस असेल तर" म्हणतील. बास, तेवढं पुरे. घरी आलीस की लगेच व्हॉट्सॅपवर लिही, "काकू, आपलं बोलणं झालं तसं मी फ्लफीला उद्या डॉक्टरकडे नेऊन आणते, खर्च मी बघते, ऑपरेशन वगैरेची वेळ आली तर तुम्हाला आधी फोन करेन." त्यांचा नुसता अंगठा आला तरी चालेल. यात वकिली नाहीये, सिझर करायची वेळ आली तर डॉक्टर मालकाची परवानगी मागतात, रात्री दोनला तू काकूंची बेल वाजवत बसशील का? आणि काका विकायचं म्हणतात ना, त्यांना वाद घालून पटवू नकोस. बाप गच्चीवरचा बोका आहे, पिल्लं काळी-भुरी, आखूड केसांची निघाली की गिऱ्हाईक आपोआप गायब होतं. तेव्हा त्यांची सोय लावायला तूच लागणार आहेस हे काकूंच्या कानावर आत्ताच घालून ठेव, त्यांना बरंच वाटेल.

आता वेळेचं बघ, कारण ही गोष्ट कोणासाठी थांबत नाही. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६७, म्हणजे नऊ-साडेनऊ आठवडे. लांबून बघणाऱ्याला पोट दिसायला लागतं तेव्हा निम्मे दिवस उलटलेले असतात, त्यातून ही केसाळ, म्हणजे तुला दिसलं तेव्हा आणखीच पुढे गेलेली असणार. स्तन फुगलेत, पोटाशी हात हलका ठेवल्यावर आत वळवळ जाणवते, कपाटात-खोक्यात शिरून जागा शोधतेय, असं काही असेल तर आठवड्याभराची गोष्ट समज. म्हणून डॉक्टरकडे याच आठवड्यात. सोनोग्राफीत गर्भ जिवंत आहेत का कळतं आणि शेवटच्या आठवड्या-दीड आठवड्यात एक्स-रे काढला तर पिल्लं मोजता येतात, आणि हा आकडा फार कामाचा असतो, चार दिसली होती आणि तीनच बाहेर आली तर एक आत अडकलंय हे कळतं. अगदी सुरुवातीचे दिवस असतील तर काही डॉक्टर आत्ताच नसबंदी करून टाकू असंही सुचवतील, तो निर्णय काकूंचा आणि डॉक्टरांचा, तू मध्ये पडू नकोस.

पर्शियन म्हणून मी जास्त मागे लागतेय. आपल्या गल्लीतली मांजर खरंच आपलं आपण करते, काकूंचं ते म्हणणं चूक नाहीये. पण पर्शियनचं डोकं गोल आणि तोंड चपटं, बाजारात पंच फेस म्हणतात त्यांचं तर अगदीच, त्यामुळे पिल्लू अडकण्याचं प्रमाण यांच्यात जास्त. वर पंच फेसवालीला दातांनी नाळ तोडायलाही जड जातं. त्यामुळे जवळपास सिझर कोण करतं हे आधी विचारून ठेव, तेही रात्रीचं कोण उचलतं ते. गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना तपासणीला बरा, पण तिथे गाई-म्हशींचीच गर्दी, मांजरीच्या सिझरची सोय असेलच असं नाही. तुमच्याकडून खंबाटकी ओलांडली की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्याचा फोन, वेळा आत्ताच काढून फ्रिजवर चिकटव. नेताना ॲक्टिव्हावर मांडीत धरून नाही हं, रिक्षाने. पिंजरा नसला तर भाजीच्या दोन प्लॅस्टिक बास्केट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधायच्या, आत जुनी चादर.

खाणं. दूध-पोळी आजपासून बंद. मोठ्या मांजरींना गाईचं दूध बहुतेक वेळा पचत नाही, जुलाब होतात, आणि पोळीत तिला लागणारं काहीच नाही. मांजर जन्मजात मांसाहारी, टॉरिन नावाचा एक घटक तिला मांस-मासळीतूनच मिळतो आणि तो कमी पडला तर पिल्लं पोटातच जिरतात नाहीतर मेलेली जन्मतात. तुमच्याकडे चिकन शिजत नाही ना, काही अडचण नाही, पेट शॉपमधून पाकिटावर 'किटन' लिहिलेलं तयार खाणं आण, मोठ्या मांजरीचं नको, किटनचंच, त्यात प्रोटीन आणि कॅलरी जास्त असतात आणि गाभण, दूध पाजणाऱ्या मांजरीला तेच देतात. कोरडं आणि पाऊचमधलं ओलं असं मिसळून. ती बरेच दिवस अर्धपोटी आहे म्हणून दया येऊन एकदम वाडगाभर ओतू नकोस, पोटात जागाही नाहीये, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. व्याल्यावर मात्र मागेल तेवढं, तेव्हा भूक दुप्पट होते. पाण्याचं भांडं कायम भरलेलं.

आणि सासूबाईंचं मन पाघळून त्यांनी बाळंतिणीची अळिवाची खीर पुढे केली तर त्यांनाच खायला सांग. कॅल्शियमचं सिरप तर मुळीच नको, आधी वरून कॅल्शियम घातलं की शरीर स्वतःचं काढायचं विसरतं आणि दूध सुरू झाल्यावर रक्तातलं एकदम खाली येतं, मांजर थरथरते, पाय ताठ होतात, झटके येतात. असं दिसलं तर लगेच डॉक्टर, सकाळपर्यंत थांबायचं नाही. उरलेल्या भाजी-आमटीतला कांदा-लसूण मांजरीला विष आहे. क्रोसिन-डोलोमधलं पॅरासिटामॉल तर एक गोळीसुद्धा जीव घेते, ताप वाटला म्हणून कोणी अर्धी दिली असं व्हायला नको. कुत्र्याचं पिसवांचं औषध नको, ते मांजरीला मारतं, त्यापेक्षा लिखांची फणी घे, फिरव आणि साबणाच्या पाण्यात बुडव. अजून एक, काकू गॅलरी फिनाईलने धुतात का ते बघ. मांजर त्यावरून चालते आणि मग पंजे चाटते. डेटॉलचंही तेच. साबणाचं पाणी आणि वर साधं पाणी, एवढ्याने काम भागतं.

केसांच्या गठ्ठ्यांना घरी कात्री लावू नकोस. गठ्ठा कातडीला इतका घट्ट ओढून धरतो की बोटांत धरलास तर खालची कातडी तंबूसारखी वर येते, केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली दिसत नाही, आणि एकच कचकन झालं तर चांगला दोन इंचांचा चर. डॉक्टरकडे नेशील तेव्हाच ट्रिमरने काढून घे, निदान पोटाखालचे आणि शेपटीमागचे तरी, कारण आंधळ्या पिल्लाला नुसत्या वासावर स्तन शोधायचा असतो आणि मध्ये केसांची गादी असली तर ते उपाशीच चोखत बसतं. आंघोळ अजिबात नको.

जागा. टीव्हीचं किंवा मिक्सरचं मोठं खोकं घे, एका बाजूला उंबऱ्याएवढी पट्टी ठेवून दार काप, म्हणजे ती सहज आत-बाहेर करेल आणि पिल्लं बाहेर घरंगळणार नाहीत. खाली वर्तमानपत्रांचा थर, त्यावर जुनी सुती साडी, टर्किश टॉवेल नको, धाग्यात पिल्लांची नखं अडकतात. काकू तयार असतील तर तुमच्या मागच्या गॅलरीत, झड येणार नाही अशा कोपऱ्यात. नसतील तर त्यांच्याच पॅसेजमध्ये, पण ओल्या गॅलरीत नाही, नवीन पिल्लांना अंग गरम ठेवता येत नाही आणि पावसाळ्यात गारठूनच जास्त जातात. खोकं आधीच ठेव, तिला त्यात चार दिवस झोपू दे. एवढं करून ती ऐनवेळी चपलांच्या स्टँडखाली जाऊन व्याली तर रागावू नकोस, मांजरं तशीच.

प्रत्यक्ष वेळ आली की आधी काही तास नुसती येरझारा, धापा, ओरडणं, खाणं नको. मग कळा. दोन पिल्लांमध्ये दहा मिनिटं जातील नाहीतर तास जाईल, कधी मध्येच ती निवांत पडून पाजत राहते आणि काही तासांनी पुढचं येतं, ती मजेत असली तर घाबरायचं नाही. पिशवी फाडणं, नाळ तोडणं, वार म्हणजे नाळेबरोबर पडणारा गोळा खाणं हे सगळं तीच करते, सासूबाईंना आधी सांगून ठेव म्हणजे "पिल्लू खाल्लं, पिल्लू खाल्लं" असा ओरडा व्हायचा नाही. तू लांब बस आणि घड्याळ बघ. हात कधी घालायचा? पिल्लू बाहेर आलं आणि मिनिटभरात तिने पिशवी फाडली नाही तर स्वच्छ फडक्याने तोंडावरची फाड, नाक पूस, अंग चोळ. नाळ तशीच राहिली तर पोटापासून दोन बोटं सोडून उकळलेल्या दोऱ्याने बांध आणि पुढे काप. अडकलेलं पिल्लू ओढायचं नाही. वीस मिनिटं-अर्धा तास जोरात कळा देऊनही काही येत नाही, पिल्लू अर्धं बाहेर येऊन अडकलंय, लाल रक्त थांबत नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवं, घाण वासाचं पाणी जातंय, यातलं काहीही दिसलं की खोकं उचल आणि निघ. "बघू थोडा वेळ" म्हणणारं घरात कोणीतरी असतंच, त्याला घरी ठेव.

नंतर पहिले काही दिवस हाताळणं कमी आणि शेजारपाजारच्या पोरांची जत्रा तर बंदच. रोज एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून पिल्लांचं वजन कर, जन्मतः शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज साधारण दहा ग्रॅम वाढायला हवं, एखादं वाढत नसेल तर ते मागे ढकललं जातंय, त्याला धरून आईला लाव. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते आकड्याचं सोड, पण जागा बदलते हे खरं, गोंधळ वाटला की बदलते, तेव्हा तुला शांतता ठेवावी लागेल. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कोणाला द्यायचं नाही, काकांनी गिऱ्हाईक आणलं तरी नाही.

आणि ऑपरेशन. हे राहिलं तर वरचं सगळं चार महिन्यांनी परत. दूध पाजत असतानाच, व्याल्यानंतर काही आठवड्यांतच मांजर पुन्हा माजावर येते आणि गच्चीवरचा बोका कुठे गेलेला नाही, म्हणून तेवढे दिवस गॅलरीला जाळी, जिन्याचं दार बंद. पिल्लं सुटी झाली, दूध आटलं की नसबंदी, साधारण दोन महिन्यांनी. ही गोष्ट काकूंकडून आत्ताच कबूल करून घे, आत्ता त्यांना तुझी गरज आहे, नंतर "आता झालं ना सगळं व्यवस्थित" म्हणून टाळतील. त्याच बोलण्यात हळूच विचार, ही पुढे तुम्हाला ठेवायचीये का? नाही म्हणाल्या तर चांगलं घर शोधायचं, आणि तेही व्हॉट्सॅपवर लिहून घ्यायचं. मुलाला विचारल्याशिवाय मात्र नाही, त्याची आहे ती. काकूंना विचारून त्याला पिल्लांचा एखादा फोटो पाठव, कदाचित घरच्यांना जे तू सांगून पटत नाही ते त्याच्या एका फोनने पटेल.

नवरा म्हणतो भानगडीत पडू नको, त्याला खर्चाचा आकडा आधीच सांग. डॉक्टर, एक्स-रे, खाणं आणि वेळ आलीच तर सिझर, हे सगळं धरून किती होतं ते विचारून ये आणि तुम्हाला झेपतं तेवढंच अंगावर घे. नाही झेपलं तर काकूंकडे ऑपरेशनचे पैसे मागायला लाजू नकोस, मांजर त्यांची आहे.

राहिली नणंद. सासूबाईंची भीती अगदी हवेतली नाहीये, टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो आणि पोटातल्या बाळाला त्याचा खरंच धोका असतो. पण तो मांजरीच्या अंगाला हात लावून नाही होत, तिच्या विष्ठेतून होतो, तेही संसर्ग झालेल्या मांजरीच्या, आणि विष्ठा बाहेर पडल्यावर निदान एक दिवस गेल्याशिवाय ती लागण करत नाही. म्हणजे लिटरची, तिच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू रोजच्या रोज साफ केली की निम्मं काम झालं, ती साफ तू करायची, हातमोजे घालून, नणंदेने त्या गॅलरीत फिरकायचंच नाही. मांजरीला कच्चं मांस द्यायचं नाही. आणि हा जंतू न धुतलेल्या भाजीतून, कुंड्यांच्या मातीतूनही येतो, तेव्हा कोथिंबीर नीट धुवायची आणि कुंड्या नणंदेने उकरायच्या नाहीत, मांजर असो वा नसो. तू स्वतः दिवस राहायच्या विचारात असशील तर वाळूचं काम नवऱ्याकडे दे. एवढं सांगूनही सासूबाईंना पटलं नाही तर त्यांना नणंदेबरोबर तिच्या डॉक्टरकडे पाठव आणि तिथे हाच प्रश्न विचारायला लाव, सुनेचं न ऐकणारी सासू मुलीच्या डॉक्टरचं ऐकते.